थॉर्नलीचं सातवं प्रकरण

तोआ पायोह, सिंगापूर
रविवार, १५ जून २०२५

ती. स्व. सरांस,
शि. सा. नमस्कार.

सहा महिन्यांनी लिहितोय, तेव्हा आधी रीतसर चौकशी. गुडघा कसा आहे? काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं असं रुचिरकडून कळलं. त्यांना माझा आणि स्मिताचा नमस्कार सांगा. इकडे आम्ही बरे आहोत. इराला शाळेची सुट्टी आहे, म्हणजे ती बारा वाजता उठते आणि नाश्त्याला काय आहे म्हणून आम्हालाच दरडावते. तुमच्या सुनेला, श्रियाला, सातवा महिना लागला. तिला डोहाळे लागलेत ते आमच्या इमारतीखालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यावरल्या कॅरट केकचे, ज्यात मुळा असतो, गाजर औषधालाही नसतं. काल स्मिता दोन डबे घेऊन पुंगोलला तिच्या आणि रुचिरच्या घरी जाऊन आली. तब्येत चांगली आहे, काळजी नसावी.

आता आपण दोघं लिहितोय त्या थॉर्नलीच्या चरित्राचं. डिसेंबरात तुमच्याशी फोनवर जे बोललो त्याबद्दल माफी मागायची आहे. "सर, तुम्ही चरित्र नाही, आरती लिहिताय," असं मी म्हणालो होतो. सव्वीस वर्षं ज्यांच्यापुढे मान वर केली नाही त्यांना हे ऐकवलं, याची लाज वाटते. पण मी लिहिलेलं सातवं प्रकरण गाळायला तेव्हाही तयार नव्हतो आणि आजही नाही. हट्टी आहे, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच केलंत.

थॉर्नलीवर माझंही प्रेम आहे, सर. सेकंड इयरला तुम्ही त्याची गोष्ट सांगितलीत तेव्हा पाऊण तास वर्गात कुणी जांभईसुद्धा दिली नव्हती. सायकलच्या दुकानात पंक्चर काढणारा माणूस, शिक्षण बेताचं, बांबू आणि लिननच्या कापडाचं ग्लायडर करतो, १९०८ साली टेकडीवरून त्याच्यासकट स्वतःला ढकलून देतो आणि दोन बरगड्या मोडून घरी येतो. दोन वर्षांत इंजिन लावलेलं दुपंखी विमान उडवतो. मग लढाईतली विमानं, मग पाण्यावर उतरणारी मोठमोठी विमानं. त्यातलं एक १९३४ साली इथेच, सेलेटारच्या खाडीत उतरलं. आमचं विमानदुरुस्तीचं वर्कशॉप तिथून चालत दहा मिनिटांवर आहे. पहिल्या आठवड्यात मी लंच टाइममध्ये खाडीवर जाऊन तुमच्यासाठी फोटो काढला होता. त्यात चिखल आणि एक बगळा यापलीकडे काही आलं नव्हतं, तरी तुम्ही तो फ्रेम करून लावलात.

पण मधे १९१२ आहे. त्याचं ते एकपंखी 'टर्न'. पंख धरून ठेवणारी तार एकेरी, जिथे दुहेरी हवी होती. सोळा मे रोजी हवेत ती तुटली आणि चोवीस वर्षांचा वैमानिक मेला. चौकशीत थॉर्नलीने विमानाच्या रचनेचा नकाशा पुढे केला. त्यात तार दुहेरी होती आणि तारीख होती तीन मे. म्हणजे साहेबांनी सुधारणा आधीच सांगितली होती, वर्कशॉपनेच केली नाही. ठपका फोरमन जोसेफ बेलवर आला. त्याला पुन्हा कुठे काम मिळालं नाही. आणि मग थॉर्नलीच्या वर्कशॉपची नकाशांची नोंदवही माझ्या हाती लागली, ज्यात त्या नकाशाला नंबर दिला आहे वीस मे रोजी. अपघातानंतर चार दिवसांनी काढलेला नकाशा, त्यावर मागची तारीख.

तुम्ही लाल पेन्सिलीने लिहिलंत, "हे प्रकरण गाळावे. चाळीस वर्षांचं काम चार दिवसांवर तोलू नये." सहा महिने मी त्या वाक्याशी मनात भांडतोय. या दोन दिवसांत मात्र ते वाक्य मला फार आवडायला लागलं आहे, आणि म्हणूनच हे पत्र.

सर, माझ्याकडून चूक झाली आहे.

सरळ सांगतो. एका विमानाच्या मालाच्या दाराचा बिजागरीचा ब्रॅकेट आमच्याकडे दुरुस्तीला आला होता. गंज घासून काढला की धातू पातळ होतो. मूळ जाडीतून घासलेली खोली वजा करायची आणि उरलेला धातू भार पेलेल का ते आकडेमोडीने ठरवायचं. मी असे तीसेक केले असतील. म्हणून मूळ जाडी नकाशात न बघता पाठ असलेली घातली, ६.४ मिलिमीटर. हा ब्रॅकेट नव्या मालिकेतला होता. त्याची जाडी ५.६ आहे. निदान ५.१ उरायला हवी, उरली आहे ४.७. 'चालेल' असा शेरा मारून, सही करून सहा जूनला मी तो पाठवून दिला. परवा शुक्रवारी तसाच दुसरा ब्रॅकेट टेबलावर आला, नकाशा उघडला तेव्हा ते लक्षात आलं.

तो भाग सध्या एअरलाइनच्या स्टोअरमध्ये आहे. मंगळवारी सकाळी विमानाला बसणार. अजून कुणाला काही झालेलं नाही, हे मी स्वतःला तासातासाला सांगतो. शुक्रवारीच सांगायला हवं होतं. शुक्रवारी मी बॅग उचलून घरी आलो.

का, ते आता लिहितो. आमच्याकडे प्रत्येक आकडेमोडीला दुसरा तपासनीस असतो. त्याने पहिल्याचं उत्तर न बघता कोऱ्या कागदापासून सुरुवात करायची आणि आपला कागद जोडायचा. तुम्ही वर्गात करायला लावायचात तेच. वही शेजाऱ्याला द्यायची, उत्तरावर रुमाल टाकायचा. "रुमालाखालचं तुझं नाही, तू तुझं काढ." इथे ते शिकवायला लोक हजारो डॉलर घेतात.

या ब्रॅकेटचा दुसरा तपासनीस रुचिर होता. त्याने सही केली आहे. कागद नाही. तपासलंच नाही त्याने. तुमच्याच मुलाला तुमचा नियम पाळता येऊ नये याचा मला शुक्रवारी इतका राग आला की स्वतःची चूक काही तास विसरलो.

काल त्याला खालच्या हॉकर सेंटरमध्ये बोलावून सांगितलं. त्याने हातातली कोपी, इथली कॉफी, खाली ठेवली. मग म्हणाला, "दादा, रिपोर्ट करायला लागेल, ते मला कळतं. पण माझी तपासणीची शीट मी आज बनवतो. सहा तारखेची. फाइल महिनाअखेरीला स्कॅन होते, तोवर कोण बघतंय? मीही तोच आकडा घेतला असं दाखवू. दोघांची सेम मिस्टेक. ऑनेस्ट मिस्टेक. माझा वर्क पास ऑगस्टमध्ये रिन्यू व्हायचाय. श्रियाचं हॉस्पिटल इथे बुक आहे."

मी नाही म्हणालो नाही. हो पण म्हणालो नाही. "उद्या बघू," म्हणालो.

तुमच्या घरात येणारं पहिलं नातवंड आहे. पास रद्द झाला की तीस दिवसांत देश सोडायचा, ते मी तुम्हाला सांगायला नको. एका कागदावर मागची तारीख घातली तर कुणाचं काय जातं? ब्रॅकेट तर परत येणारच. सर, तुमचं ते लाल पेन्सिलीतलं वाक्य मला अगदी तोंडपाठ आहे.

फोन का नाही केला? केला असता तर तुम्ही "थांब" म्हणाला असतात आणि मी थांबलो असतो. पत्राला पुण्यात पोचायला आठ-दहा दिवस लागतात.

आपला विद्यार्थी,
प्रबोध


सोमवार, १६ जून, दुपार

सर,

कालचं पत्र सकाळी टपालात टाकायला निघालो होतो आणि पेटीपासून परत आलो. ते फाडून नव्याने लिहावं असं मनात आलं. फाडत नाही. जसं आहे तसं सोबत ठेवतो, त्यात मी काय गाळलंय ते तुम्हाला दिसावं म्हणून.

आधी महत्त्वाचं. सांगितलं. साडेआठला क्वालिटी विभागाच्या मिसेस लिम यांच्या खोलीत गेलो आणि बसायच्या आधी बोलून टाकलं. त्यांनी मला एकही प्रश्न न विचारता फोन उचलला. अकरा मिनिटांत तिकडच्या स्टोअरमधून ब्रॅकेटला लाल टॅग लावल्याचा फोटो आला. विमानाला आता तो बसणार नाही. तेव्हा कुठे मी खुर्चीत बसलो.

मग त्यांनी रुचिरला बोलावलं. तो आला तो बॅग घेऊनच आला आणि बॅग मांडीवर ठेवून बसला. मला लगेच कळलं. काल रविवारभर बसून त्याने शीट तयार केली होती.

मिसेस लिम यांनी फाइल उघडली, उलटसुलट पाहिली. "सेकंड शीट कुठे आहे?"

रुचिरने माझ्याकडे बघितलं. तुमचे डोळे आहेत त्याला, सर, अगदी तेच. हात बॅगच्या चेनवर. मिसेस लिम पेन खाली ठेवून थांबल्या होत्या. चेन दोन बोटं उघडली, मला आवाज ऐकू आला. मी नुसता गप्प राहिलो असतो तर काम झालं असतं. मला खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. म्हणून तर ते इतकं सोपं होतं.

मी म्हणालो, "सेकंड शीट नाही. ती कधी बनलीच नाही. मी त्याला न तपासता सही करायला सांगितलं."

हेच कालच्या पत्रात नाही.

सहा जूनला शुक्रवार होता. इराचा वाढदिवस. ईस्ट कोस्टला समुद्राकाठी बार्बेक्यूची जागा बुक केली होती, पाचपासून. स्मिताचे चार फोन येऊन गेले होते. पावणेपाचला रुचिर माझ्या टेबलाशी आला तो कोरा कागद घेऊनच आला होता, सर. म्हणाला, "दादा, नकाशा काढतो, दहा मिनिटं द्या." आणि मी म्हणालो, "अरे, मी केलंय ना? माझं काय तपासतोस? सही कर, निघू या. श्रिया तिथे एकटी उभी असेल."

त्याने कोऱ्या कागदाची घडी घातली. मग हसला, "तुमचं काय तपासायचं म्हणा," असं म्हणाला आणि सही केली. दिवाळीला माझ्या पाया पडणारा पोरगा तो. तुम्ही त्याला माझ्या हाती सोपवताना सांगितलं होतंत, प्रबोध सांगेल तसं वाग. तो तसंच वागला. आणि खरं सांगायचं तर मला त्याचं ते वाक्य ऐकून बरं वाटलं होतं. तुमच्या मुलाने माझं उत्तर डोळे झाकून घ्यावं, याचा मला अभिमान वाटला. टॅक्सीत मी शीळ घालत होतो.

ईस्ट कोस्टला आम्ही खूप हसलो त्या दिवशी. रुचिरने कणसं जाळली. तो फोटो काकूंना पाठवलाय, त्यांनी बघितला असेल.

तर काल तुम्हाला लिहिताना मी फोरमनवर ठपका ठेवला. माझा फोरमन तुमचाच मुलगा होता आणि तरी ठेवला. सहा महिने मी थॉर्नलीला नावं ठेवतोय, आणि मला दोन दिवसही लागले नाहीत. त्याने निदान चार घेतले.

आता परिणाम. दोघांचेही सह्यांचे अधिकार काढून घेतलेत. माझे गेल्या चार वर्षांतले सगळे कागद बाहेर काढून तपासणार आहेत. ते योग्यच आहे. माझं इथलं काम बहुतेक संपलं. रुचिरचं काय करायचं ते गुरुवारी सांगतील. मी लेखी दिलं आहे की त्याने तपासायची तयारी दाखवली होती आणि वरिष्ठ म्हणून मी अडवलं. पण सही त्याची आहे, आणि मिसेस लिम म्हणाल्या, सही ही सही असते.

बाहेर पॅसेजमध्ये रुचिर माझ्याशी बोलला तेवढंच. "दादा, तुम्हाला तुमचं मन हलकं करायचं होतं. माझ्या घराचं काय?" आणि मग, "पुस्तकात बाबांविरुद्ध जे जिंकता आलं नाही तुम्हाला, ते इथे जिंकलंत." त्यात थोडं तरी खरं असेल का, सर? तुम्ही मला ओळखता, म्हणून विचारतो.

घरी आल्यावर स्मिताने चहा केला. इराने इथल्या इंग्रजीत विचारलं, "बाबा, यू गेटिंग फायर्ड इज इट?" मी म्हटलं, बहुतेक. ती म्हणाली, "बट द प्लेन ओके ना? देन ओके लाह." आणि कानात इअरफोन घालून गेली. तिच्या वाढदिवसापायी झालं हे मी तिला कधी सांगणार नाही. तुम्हीही बोलू नका.

प्रबोध


गुरुवार, १९ जून

सर,

तीन पत्रं एकाच पाकिटात येत आहेत. आता यापुढे काही गाळायचं शिल्लक नाही, म्हणून आज टाकतो.

मला महिनाअखेरीपर्यंत नोकरी सोडायला सांगितलं आहे. आम्ही जुलैच्या शेवटी पुण्याला येऊ. इराला हे पचायला जड जाणार आहे. स्मिताने मात्र भांड्यांची खोकी आणून ठेवली, न विचारता. मला रडू आलं ते त्या खोक्यांकडे बघून.

रुचिरला लेखी ताकीद मिळाली आणि सहा महिने सहीचा अधिकार नाही. नोकरी आहे. पास रिन्यू होईल का, ते ऑगस्टमध्ये कळेल. माझ्या लेखी जबाबाचा उपयोग झाला असावा, असं मिसेस लिम यांच्या बोलण्यावरून वाटलं. पण आणखी एक गोष्ट त्यांनी मला विचारली: "त्या दिवशी त्याच्या बॅगेत काय होतं?" मी म्हणालो, ते तुम्ही त्यालाच विचारा. तर म्हणाल्या, "विचारलं. त्याने सांगितलं." रुचिरने आपण होऊन सगळं सांगितलं होतं, बनवलेली शीट टेबलावर ठेवून. नोकरी जाईल हे माहीत असताना. हे मला तुम्हाला माझ्या हाताने लिहायचं होतं.

आज दुपारी तो घरी आला. तीन दिवस माझा फोन घेत नव्हता. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही. श्रिया खाली टॅक्सीत थांबली होती. अजून रागावलेला आहे आणि त्याला तो हक्क आहे. शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला.

ब्रॅकेटची आकडेमोड. कोऱ्या कागदापासून, नकाशाच्या नंबरपासून सुरू केलेली. मूळ जाडी ५.६, उरली ४.७, शेरा: 'नापास'. खाली त्याची सही.

"दहा मिनिटं लागली, दादा," तो म्हणाला. "तेवढीच लागली असती."

आणि जिना उतरून गेला. लिफ्टसाठीसुद्धा थांबला नाही.

तो रविवारी तुम्हाला फोन करणार आहे, असं श्रियाने स्मिताला कळवलं. तोवर हे पाकीट पोचलेलं नसेल. तो जे सांगेल ते खरं धरा. माझ्याबद्दल काही वाईट बोलला तर तेही.

सातवं प्रकरण पुन्हा सोबत जोडलं आहे, एक शब्द न बदलता. थॉर्नलीची चाळीस वर्षं मी कमी करत नाही. ती विमानं त्याचीच आहेत, आणि सेलेटारच्या खाडीवर मी निघण्याआधी एकदा जाऊन उभा राहीन. पण जोसेफ बेलला त्या पुस्तकात जागा हवी. त्याच्याशिवाय पुस्तक काढायचं असेल तर खुशाल काढा, फक्त माझं नाव घालू नका. पुण्यात आल्यावर पहिल्यांदा तुमच्याकडे येईन. दार उघडलंत तर आत येईन.

रुचिरचा कागदही पाकिटात आहे. त्याच्या उत्तरावर मी कोऱ्या कागदाची पट्टी चिकटवली आहे, रुमाल पाठवता येत नाही म्हणून. आधी तुम्ही काढा, मग पट्टी उचला. उत्तर बरोबर आहे. आणि खाली सहीशेजारची तारीख बघा, सर. तुमच्या मुलाने आजचीच घातली आहे.

प्रबोध